सहा जणांच्या ऑफिसात टायमरचा ठोकळा, चार महिने वापरून

हा ठोकळा मुळात माझ्यासाठी आलाच नव्हता. पोरगी बारावीला, तिनं कुठल्यातरी रीलमधे बघितलं की अभ्यास पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या तुकड्यांत करायचा आणि त्यासाठी फोन नको, वेगळा टायमर पाहिजे, म्हणून ७९९ रुपयांना ऑनलाइन मागवला. आठ दिवस वापरला. नंतर तो तिच्या टेबलावर पेपरवेट म्हणून पडून होता, शेवटी जूनमधे एक दिवस मीच उचलून ऑफिसात नेला, कारण आठशे रुपये पेपरवेटमधे घालवले तर आमच्या धंद्यातल्या माणसाच्या पोटात दुखतं.

धंदा सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. सांगलीत टॅक्स कन्सल्टन्सी आहे, मी धरून सहा माणसं. पार्ट्या म्हणजे बेदाण्याचे आणि हळदीचे व्यापारी, तीन-चार ट्रान्सपोर्टवाले, बाकी किरकोळ दुकानदार. इकडं टॅक्सचं काम करणारा दिसला की त्याला वकीलसाहेबच म्हणतात, मग तो वकील असो नसो. महिन्याच्या ७ ला टीडीएस म्हणजे कापून घेतलेला टॅक्स भरा, ११ ला आर-वन म्हणजे जीएसटीचं विक्रीचं रिटर्न, १४ ला टूबी म्हणजे समोरच्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी आली की ती पार्टीच्या खरेदीशी जुळवा, २० ला थ्रीबी म्हणजे महिन्याचा जीएसटी भरायचं रिटर्न, हे संपतंय तोवर पुढच्या महिन्याची बिलं व्हॉट्सअ‍ॅपवर तिरक्या फोटोत यायला लागतात. त्यात जुलैला इन्कम टॅक्सची रिटर्नं आणि सप्टेंबरला ऑडिट. म्हणजे डोकं लावून करायचं काम भरपूर, आणि ज्या टेबलावर ते करायचं त्याच टेबलावर फोन.

आता वस्तू. पांढरा प्लास्टिकचा ठोकळा, साधारण रुबिक क्यूबपेक्षा थोडा मोठा. एका बाजूला स्क्रीन, त्याच्या उलट बाजूला सेलचं झाकण, उरलेल्या चार बाजूंवर ५, १०, २५, ५० असे आकडे. जो आकडा वर येईल असा ठेवाल तेवढी मिनिटं उलटी मोजायला लागतो, बटण दाबायचं नाही, सेट करायचं नाही. स्क्रीन वर करून ठेवला की बंद. चालू असताना कडेला बारीक लाल दिवा लुकलुकतो, वेळ संपली की बीप बीप बीप. दोन ट्रिपल ए सेल लागतात, डब्यात ते नव्हते, आणि त्याबद्दल बाहेर कुठं काही लिहिलेलं पण नव्हतं. मॅन्युअल म्हणून एक चिठोरं आहे त्यातला फॉन्ट भिंगातून वाचावा लागतो. एवढंच.

पॉज नाही. मधेच उचलून ठेवला की गेली ती वीस मिनिटं, परत पहिल्यापासून. सुरुवातीला मला हा दोषच वाटला आणि परत पाठवायच्या विचारात होतो. नंतर कळलं की ज्या माणसानं ही पद्धत काढली त्याचा नियमच तो आहे. फ्रान्चेस्को सिरिलो नावाचा इटालियन, १९८० च्या दशकाच्या शेवटी कॉलेजात असताना अभ्यासात लक्ष लागत नव्हतं म्हणून त्यानं स्वयंपाकघरातला टोमॅटोसारखा दिसणारा चावीचा टायमर घेतला आणि स्वतःशी पैज लावली, दहा मिनिटं तरी खरोखर अभ्यास करून दाखव. इटालियनमधे टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, त्यावरून या पद्धतीचं नाव पोमोदोरो. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी, असे चार झाले की पंधरा ते तीस मिनिटांची मोठी सुट्टी. पंचवीस मिनिटांचा एक तुकडा म्हणजे एक पोमोदोरो, आणि तो अर्धा नसतो. मोडला तर मोडला, तो धरायचा नाही. बरं आहे, आमच्याकडं पॉज असता तर दिवसभर पॉजच दाबत बसलो असतो.

पहिला आठवडा पूर्ण फसला हे आधीच सांगतो, नाहीतर लोक वाचून दुसऱ्या दिवशी मागवतील आणि मला शिव्या घालतील.

मी काय केलं, ठोकळा मधल्या टेबलावर ठेवला आणि जाहीर केलं की सगळ्यांनी एकदम पंचवीस मिनिटं काम करायचं, एकदम पाच मिनिटं उठायचं. ऑफिसात बाथरूम एक. चहाचा थर्मास एक. बीप झालं की सहा माणसं एकाच वेळी उभी, दोन बाथरूमच्या दारात, दोन थर्मासपाशी, आणि नेमक्या त्याच पाच मिनिटांत फोन वाजणार जो कुणीच उचलत नाही कारण सुट्टी आहे. त्यात बीपचा आवाज म्हणजे टेम्पो रिव्हर्सला घेतात तसा. एंट्री करणारा पोरगा बिलाच्या मधेच असायचा, बीप ऐकून दचकायचा, सुट्टीनंतर येऊन तेच बिल दुसऱ्यांदा टाकायचा. एका पार्टीची दोन बिलं अशी डबल पडली.

अण्णा म्हणजे आमचे थोरले अकाउंटंट, वय ६१, साखर कारखान्याच्या अकाउंट्समधून रिटायर होऊन आमच्याकडं आले. ते तिसऱ्या दिवशी चष्म्यावरून बघत म्हणाले, "सर, भोंगा आणलाय होय? आमच्या कारखान्यात भोंगा झाला की पाळी बदलायची, पण सुटलेली पाळी घरी जायची हो, परत त्याच खुर्चीत येऊन बसत नव्हती." सगळे हसले, मी पण हसलो, पण त्यांचा मुद्दा बरोबर होता. फॅक्टरीला भोंगा चालतो कारण मशीन एका वेळी सगळ्यांसाठी चालू आणि एका वेळी बंद. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमधे कलम ५५ होतंच की पाच तासांपेक्षा जास्त सलग काम नाही, मधे किमान अर्ध्या तासाची विश्रांती पाहिजे. ती शरीर दमतं म्हणून. आमच्यात शरीर दमत नाही, धागा तुटतो. आणि तो तुटायची वेळ प्रत्येकाची वेगळी.

दुसऱ्या सोमवारी मी ठोकळा ड्रॉवरमधे टाकणारच होतो. पण त्याआधी सिरिलोची आणखी एक गोष्ट करून बघायची ठरवली, आणि सगळ्यांत जास्त पैसे त्यानंच वसूल झाले, ती म्हणजे खुणा. त्याच्या पद्धतीत काम चालू असताना व्यत्यय आला की कागदावर खूण करायची, स्वतःच्याच मनानं भरकटलात तर एक प्रकारची, बाहेरून कुणी आलं तर दुसऱ्या प्रकारची. आम्ही सरळ जुन्या रोजमेळाची कोरी पानं फाडून प्रत्येकाला एक दिलं आणि अक्षरं ठरवली. पार्टीचा फोन किंवा पार्टी दारात आली तर प. जीएसटीचं पोर्टल अडकलं तर ग, म्हणजे गोल फिरतंय. स्वतः मोबाईल बघितला तर म. ऑफिसातलाच कुणी आला तर त्याच्या नावाचं अक्षर. मला स, सर म्हणून.

मला खात्री होती की प नं पान भरणार. कारण वीस वर्षं मी हेच सांगत आलोय की पार्ट्या काम करू देत नाहीत, सारखे फोन, सारखे फोन. संध्याकाळी पाच जणांची पानं गोळा केली. एकूण ४३ खुणा. प १३. ग ६. म ५ (हे मी खरं मानत नाही, पण असो). एकमेकांच्या मिळून ३. आणि स १६.

मी परत मोजलं. १६ च.

आपण जागेवरून उठतो, डोक्यात आलं की आलं, "अरे त्या अमक्याचं चलन भरलं का", "ती मागच्या वर्षीची फाईल कुठंय", "हे बघ नोटीस आली बघ", आपल्याला ते अर्धा मिनिट वाटतं. समोरचा पोरगा टूबीच्या दोनशे ओळींपैकी १३४ व्या ओळीवर असतो, तो आपल्याला उत्तर देतो, परत स्क्रीनकडं बघतो आणि १२० पासून सुरू करतो कारण कुठं होतो ते त्याला आठवत नाही. माझं अर्धा मिनिट, त्याची पंधरा ओळी. सोफी लरॉय म्हणून एक अभ्यासक आहेत, त्यांनी २००९ मधे याच्यावर पेपर लिहिलाय, एक काम अर्धवट सोडून दुसरं घेतलं की आधीच्या कामाचं थोडं लक्ष मागंच चिकटून राहतं, त्याला त्या लक्षाचं उरलंसुरलं अशा अर्थाचं नाव देतात. खरकटं म्हणा. धुतल्याशिवाय त्याच ताटात दुसरी भाजी वाढायची, तसं आम्ही दिवसभर जेवत होतो आणि वाढपी मी.

तर तिथून ठोकळा वेगळ्या पद्धतीनं वापरायला लागलो. सगळ्यांचा एक भोंगा बंद. ज्याला डोकं लावायचंय त्यानं ठोकळा आपल्या टेबलावर न्यायचा आणि आकडा वर करून ठेवायचा. लाल दिवा चालू असलेल्या टेबलाशी कुणी बोलायचं नाही, मी सुद्धा. माझं काही असेल तर चिठ्ठीवर लिहून बिलं टोचून ठेवायची तार असते ना, लाकडी बुंध्यावर उभी, ती प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवली, त्यात टोचायचं. सुट्टी झाली की तो माणूस चिठ्ठ्या काढतो आणि एकदम सगळ्यांची उत्तरं देतो. गंमत म्हणजे चिठ्ठी लिहायला लागली की निम्मे प्रश्न मी लिहीतच नाही. पेन घेईपर्यंत मलाच उत्तर आठवतं किंवा कळतं की हे आज विचारायची गरजच नाही.

फोनचं काय, तर फोनची पाळी लावली. तासाला एक माणूस ठोकळ्याच्या बाहेर. सगळे फोन तो घेणार, दारातली पार्टी तो बघणार, झेरॉक्स, कुरियर, सह्या, सगळं. त्या तासात त्यानं मिळवणीचं, म्हणजे दोन खाती-याद्या जुळवायचं, काम हातात घ्यायचंच नाही, फायलिंग नाहीतर स्कॅनिंग करायचं. हे आधी फक्त ताई करायच्या, फ्रंट टेबलला बसतात म्हणून, त्यामुळं त्यांच्याकडं कधी डोक्याचं काम गेलंच नव्हतं. पाळी लागल्यापासून त्यांना रोज चार-पाच तास सलग मिळायला लागले आणि आता दोन पार्ट्यांचं पूर्ण जीएसटी त्या बघतात. मी स्वतः पण पाळी करतो, दुपारी १२ ते १. पहिल्या दिवशी त्या एका तासात ११ फोन घेतले, त्यातले ४ "मुदत वाढणार का हो वकीलसाहेब" एवढ्यासाठी.

आता एक प्रसंग सांगतो, कारण माझं मत तिथं फिरलं. जुलैची १७ तारीख असेल. आमच्याकडं जीएसटीची मिळवणी बघणारी एक पोरगी आहे, दोन वर्षं झाली, बीकॉम, हुशार पण बुजरी, मी हाक मारली की हातातलं टाकून उभी राहणार. एका बेदाण्याच्या पार्टीचं खातं समोरच्या व्यापाऱ्यानं पाठवलेल्या खात्याशी जुळत नव्हतं. फरक ६३० रुपये. तिनं ५० वर ठोकळा लावलेला. मी हातात एक नोटीस घेऊन, विसरून, नेहमीसारखा तिच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो आणि तोंड उघडलं. तिनं वर न बघता पेन्सिलीनं ठोकळ्याकडं बोट केलं. १९ मिनिटं बाकी होती. मी नोटीस तारेत टोचली आणि परत फिरलो. खरं सांगतो, आत थोडं लागलं. आपल्याच ऑफिसात आपल्याला पेन्सिल.

पण मी माझ्या खुर्चीतून बघत होतो. तिनं ६३० ला ९ नं भाग दिला, ७० आले, बरोब्बर गेला. ज्यांनी वह्या लिहिल्यात त्यांना माहितीय, फरकाला ९ नं पूर्ण भाग गेला की आधी आकडे उलटे पडलेत का ते बघायचं. मग ९० नं भाग, ७. म्हणजे शतक आणि दशकाच्या जागचे आकडे उलटे आणि त्यांच्यात सातचा फरक. आता सगळं खातं वाचायची गरज नाही, फक्त त्या दोन घरांत २-९ किंवा १-८ नाहीतर ०-७ अशी जोडी असलेल्या रकमा बघायच्या. पट्टी धरून खाली खाली जात होती. एका ठिकाणी थांबली, बिलाचा फोटो मोठा केला. बिल १८,९२० चं, टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधे, १८,२९०. ठोकळा वाजायला चार-पाच मिनिटं असतील, तिनं दुरुस्त केलं, तरी उठली नाही, उरलेल्या मिनिटांत तिनं त्याच पोरानं त्या दिवशी टाकलेल्या बाकीच्या रकमा तपासल्या. मग बीप झालं, माझी चिठ्ठी काढली आणि आली, "सर, नोटीसला उत्तर द्यायला सात दिवस आहेत, उद्या सकाळी दिलं तर चालेल ना?" दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं मला उद्या म्हटलं.

तर ७९९ रुपयांत काय मिळतं असं कुणी विचारलं तर मी वेळ मोजायचं यंत्र मिळतं असं म्हणणारच नाही, वेळ मोबाईल पण मोजतो. धाकट्या माणसाला थोरल्या माणसासमोर तोंड न उघडता "नंतर" म्हणता येतं, ते मिळतं. पोरानं तोंडानं "सर, नंतर" म्हटलं असतं तर उद्धट वाटलं असतं. ठोकळा म्हणाला तर चालतं. त्यामुळं हे कुणीही घ्या, पण पहिला नियम बॉसनं पाळायचा, तो पाळणार नसेल तर पैसे वाया घालवू नका.

मिनिटं किती, यावर लई चर्चा असते. आमचा अनुभव असा की एंट्रीला २५ बरोबर, कारण तासभर सलग बिलं टाकली की आकडे उलटे पडायला लागतात, वर सांगितलंच. मिळवणीला आणि नोटिशीच्या उत्तराला २५ कमी पडतात, तिथं नुसतं कागद लावून बसायलाच दहा मिनिटं जातात, ५० पाहिजेत. अण्णा अजून एकदाही २५ वर बसलेले नाहीत, ५० लावतात, वाजला की उलटा करून परत ५०. त्यांना उठवायच्या भानगडीत मी पडत नाही, चाळीस वर्षांची सवय आहे. नेटवर ५२ मिनिटं काम आणि १७ मिनिटं सुट्टी असा एक आकडा खूप फिरतो, तो डेस्कटाइम नावाच्या वेळ मोजणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीनं २०१४ मधे आपल्याच वापरणाऱ्यांच्या नोंदींतून काढलेला आहे. त्याच कंपनीनं २०२१ मधे परत बघितलं तर ११२ आणि २६ निघाले. म्हणजे हा काही पंचांगातला मुहूर्त नव्हे, आपल्या टेबलावर बसून आपण ठरवायचं.

सुट्टीचं मात्र आम्हाला पंधरा मिनिटांच्या आत ठेवावं लागतं आणि त्याचं कारण कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. जीएसटी पोर्टलवर पंधरा मिनिटं हात लावला नाही की ते बाहेर काढतं, परत युजर आयडी, परत पासवर्ड, परत तो कॅप्चा. मोठी सुट्टी घेऊन छान ताजंतवानं होऊन आलं की समोर लॉगिनचं पान. आणि ओटीपी. ओटीपी जातो पार्टीच्या मोबाईलवर, पार्टी असते मार्केट यार्डात सौद्याला, तिथं आवाजात फोन ऐकू येत नाही, तो वीस मिनिटांनी फोन करून आकडा सांगतो तेव्हा ओटीपी मेलेला असतो. हे पंचवीस मिनिटांच्या चौकटीत बसूच शकत नाही. म्हणून ओटीपीची सगळी कामं आता वेगळी काढली, ज्याची फोनची पाळी त्यानंच ती करायची, पार्टीला आधी फोन, "आता आकडा येतोय, मोबाईल हातात धरा", आणि लगेच फाईल. हे आधीच का सुचलं नाही माहीत नाही, चार महिन्यांपूर्वी प्रत्येक जण आपापल्या ओटीपीच्या मागं धावत होता.

सुट्टीत काय करायचं यावर मी कुणाला काही सांगत नाही, पण बघतो. मोबाईल घेऊन रील बघत बसलेला पोरगा पाच मिनिटांची दहा करतो आणि परत आला तरी पहिलं बिल हळू टाकतो. जो गॅलरीत जाऊन खालच्या रस्त्याकडं बघत मूठभर भडंग खातो तो बीपच्या आधी परत येतो. भडंगाचा डबा त्यामुळं मी गॅलरीच्या खिडकीत ठेवलाय, टेबलावर ठेवत नाही. (भडंगाचा खर्च ठोकळ्याच्या किमतीत धरलेला नाही.)

इतर पर्याय पण बघितले. मोबाईलवर फॉरेस्ट नावाचं अ‍ॅप आहे, वेळ लावली की स्क्रीनवर रोपटं वाढतं आणि मधेच दुसऱ्या अ‍ॅपमधे गेलात तर ते मरतं. पोरांना आवडलं, पण आमच्या अर्ध्या पार्ट्या बिलं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, दोन दिवसांत सगळ्यांची जंगलं वाळली. विंडोज ११ च्या क्लॉकमधे फोकस सेशन म्हणून सोय आहे, फुकट आहे, चांगली आहे, पण ती फक्त त्या माणसाला दिसते, उभ्या असलेल्या मला दिसत नाही, आणि रोग तर मी होतो. चावीचा किचन टायमर पण आणून बघितला, भांड्यांच्या दुकानात दीडशे रुपयांना मिळाला, सेल लागत नाही, टिकटिक ऐकू येते. सिरिलोच्या म्हणण्यानुसार ती टिकटिक आणि चावी फिरवणं याचाच उपयोग होतो. अण्णांना टिकटिक आवडली, बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी तो पँट्रीत ठेवला, आता त्यावर चहा उकळतो.

कुठं चालत नाही ते पण सांगतो. २० तारखेला दुपारनंतर विसरा. पोर्टल गोल फिरतंय, पार्ट्या पैसे भरतायत, चलन येतंय, त्या दिवशी ठोकळा लावणं म्हणजे पुरात छत्री. आम्ही २० ला ठोकळा स्क्रीन वर करून ठेवतो आणि सगळे सगळ्यांशी बोलतात. जुलैच्या शेवटच्या चार दिवसांत पण तेच. आणि नवीन माणसाला पहिले पंधरा दिवस याच्यात घालू नका, त्याला दर पाच मिनिटांनी विचारावंच लागतं, तारेत चिठ्ठी टोचून तो काय शिकणार. पार्टीसमोर बसून बोलायचं काम असेल तिथं पण ठोकळा ड्रॉवरमधे. एकदा राहिला टेबलावर, हळदीचे एक जुने व्यापारी समोर बसलेले, त्यांनी हातात घेऊन उलटासुलटा केला, "काय हो साहेब, वजनमाप का काय?" आणि खाली ठेवला तो नेमका ५ वर. पाच मिनिटांनी ते घरातल्या वाटणीचं, अगदी नाजूक काहीतरी सांगत होते तेव्हा तो टेम्पो रिव्हर्सला आला.

वस्तूबद्दलच्या तक्रारी. आवाज सगळ्यांत मोठी. सेलच्या झाकणाजवळ मोठा-बारीक असं बटण आहे पण बारीक म्हणजे पण मोठाच, मी भोकावर सेलोटेपच्या तीन पट्ट्या लावल्यात तेव्हा बरा झालाय. नुसता दिवा लुकलुकून थांबेल अशी सोय पाहिजे होती. गुळगुळीत आहे, फायलींच्या ढिगावर ठेवला की घसरतो आणि घसरला की पहिल्यापासून, ऑगस्टमधे अण्णांची ४४ मिनिटं अशी गेली आणि ते चहापर्यंत कुणाशी बोलले नाहीत. खाली जुन्या माऊसपॅडचा तुकडा ठेवा. सेल पहिले अडीच महिने गेले, रोज सहा-सात तास वापर धरून, ठीक आहे. २५ चा आकडा बोटं लागून लागून पुसट झालाय, ५ चा अजून कोरा आहे. एकदा खाली पडला, काही झालं नाही. विकणाऱ्याला आवाजाबद्दल मेसेज केला होता, त्याचं उत्तर "थँक यू फॉर युवर ऑर्डर" असं आलं.

पाचपैकी साडेतीन. अर्धा आवाजाला कापला, अर्धा सेल न दिल्याबद्दल, अर्धा घसरण्याबद्दल. दोनपेक्षा जास्त माणसं एका खोलीत डोकं लावून काम करत असतील आणि त्यातला एक माझ्यासारखा उठून उठून विचारणारा असेल तर घ्या. एकट्यासाठी घेत असाल तर मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून भिंतीवरचं घड्याळ वापरा, पैसे वाचतील, माझ्या पोरीनं शेवटी तेच केलं.

हो, आणि एक राहिलं. सप्टेंबरच्या ऑडिटला एक ठोकळा पुरेना म्हणून मी त्याच कंपनीचा दुसरा मागवला, या वेळी किंमत ८४९. दोघांची ५० मिनिटं सारखी नाहीत. एकदम लावून बघितलं, दुसरा वीसेक सेकंद आधी वाजतो. आमच्या एंट्रीच्या दोन्ही पोरांना नवीनच पाहिजे असतो, आणि अण्णा म्हणतात जुनाच खरा.